भिंतीवर टांगायच्या गाद्या

मामा, तुम्ही फोन आपटलात म्हणून विषय संपत नाही. माझं अर्धं वाक्य अजून तोंडातच आहे. ते आता कागदावर उतरवतो, कारण कागद आपटता येत नाही. (फाडता येतो, पण मामी फाडू देणार नाही, तिला आधी वाचायचं असतं.) मी एवढंच विचारलं होतं की सोफावाल्यांचा खांदा निखळून दुकान बंद पडलंय, तर त्यांच्याकडे कापड उसवून उघड्या पडलेल्या खुर्च्यांचं काय होणार. नुसतं विचारलं. त्यावर तुम्ही म्हणालात की एका धंद्यातला माणूस दुसऱ्याला उभा करत नाही, फार तर तो नीट पडलाय ना हे बघायला येतो. तिथून माझ्यावर घसरलात. म्हणालात, तुला धंद्यातलं काय कळतं, तू तर अंगाखालच्या गाद्या सोडून भिंतीवर टांगायच्या गाद्या भरायला गेलास. आणि आपटलात. तर सोफावाल्यांचा विषय मी या पत्रात काढणार नाही. तुम्ही दोघांनी मिळून दुकान काढलं, दोघांनी मिळून मला काम शिकवलं, आणि एका कुरकुरणाऱ्या स्प्रिंगवरून (ती कोणी बांधली होती हे आता त्या स्प्रिंगलासुद्धा आठवत नसेल) रस्त्याच्या दोन बाजूंना दोन पाट्या लावून बसलात, ते तुमचं तुम्ही बघा. मी फक्त भिंतीवरच्या गाद्यांचं सांगणार आहे.

नमस्कार राहिला. रागात लिहायला घेतलं की माणूस चपला घालूनच घरात शिरतो तसं होतं. तुम्हाला आणि मामीला वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगत होती की तो दुखतो हे तुम्ही कबूल करत नाही, फक्त जिन्याला नावं ठेवता. मामीचा खोकला गेला का? मी ठीक आहे, वजन वाढलंय, केस कापलेत, आणि तुम्ही विचारणार म्हणून आधीच सांगतो, नोकरी तीच आहे. हो, अजून तीच. टायरच्या दुकानात मी टिकलो नाही, पार्सलच्या गोदामात टिकलो नाही, हॉटेलातल्या भांड्यांना तर मी पहिल्याच दिवशी आवडलो नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत ते खोटं नव्हतं. पण इथे मी बसलोय. का बसलोय ते माझं मलाच कळत नव्हतं. आता कळलंय, आणि तेच लिहायला बसलोय.

जागा अशी. पूर्वी इथे बुटांचा कारखाना होता. हवा दमट असली की भिंतींना अजून चामड्याचा वास येतो. कारखाना बंद पडल्यावर मालकाने मजल्यामजल्यावर फळ्या ठोकून खोल्या पाडल्या आणि चित्रकारांना, मूर्तिकारांना भाड्याने दिल्या. तळमजल्यावर मी. लाकडाच्या पट्ट्यांची चौकट करायची, तिच्यावर कॅनव्हास म्हणजे ते चित्राचं जाड कापड ताणायचं, आणि मागून बारीक खिळे मारायचे. तुम्ही हसाल, पण हे गादीचंच काम आहे, फक्त आत कापूस नाही. पहिल्या दिवशी इथल्या लोकांनी मला विचारलं, कापड ताणलंयस का कधी? मी म्हटलं, माझ्या मामांनी ताणलेल्या खोळीवर नाणं टाकलं तर उडून परत हातात येतं. (त्यांनी खरोखर नाणं मागवलं. उडालं. ठेवून घेतलं.) लिफ्ट आहे, पण ती कारखान्याबरोबरच बंद पडली. त्यामुळे जे काही वर जातं किंवा खाली येतं ते माझ्या खांद्यावरून.

आणि मान्य करतो, सुरुवातीला मला तुमचंच पटत होतं. ही माणसं एकमेकांबद्दल जे बोलतात ते ऐकलंत तर तुम्ही आणि सोफावाले (विषय काढत नाही, नुसती तुलना) संतमाणसं वाटाल. दुसऱ्या मजल्यावर दगडवाले आहेत, ते दगडातून माणसं कोरतात. त्यांच्या समोर एक भिंतवाले, ते अख्ख्या भिंतीएवढी चित्रं काढतात. दगडवाले मला सांगतात, त्याची चित्रं मोठी असतात कारण बारीक काढायला येत नाही. भिंतवाले सांगतात, तो दगडातलं चांगलं तेवढं फोडून टाकतो आणि राहिलेलं विकतो. मग दोघे एकाच किटलीतला चहा पितात. वरच्या मजल्यावर छापेवाल्या बाई आहेत. त्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्र कोरतात, शाई भरतात आणि यंत्राखाली दाबून कागदावर छाप काढतात. बाई कोणाबद्दल वाईट बोलत नाहीत. दुसऱ्याचं काम बघताना नुसता चष्मा पुसतात. ज्याच्या कामासमोर चष्मा पुसला तो माणूस आठवडाभर जेवत नाही.

आणि सगळ्यात वर, पत्र्याखालच्या खोलीत, पाणीवाले. वय तुमच्यापेक्षा बरंच जास्त, आवाज तुमच्यासारखा, म्हणजे नुसतं 'ये' म्हणाले तरी माणूस दोन पावलं मागे जातो. आयुष्यभर त्यांनी पाण्याशिवाय काही काढलेलं नाही. नदी, समुद्र असलं मोठं पाणी नव्हे. बादलीतलं, पेल्यातलं, धुतलेल्या फरशीवरचं, खिडकीच्या कडेला साचलेलं. मी एकदा विचारलं, माणसं का नाही काढत? म्हणाले, माणसं स्वस्थ बसत नाहीत. मी म्हटलं, मग पाणी कुठे बसतं? त्यावर त्यांनी मला चहा दिला. त्यांच्या हातचा चहा मिळालेला माणूस त्या इमारतीत मी एकटाच, हे मला मागाहून कळलं. (चहा वाईट होता.)

पाणीवाले चौकट आधी घेत नाहीत. कापडाचा तुकडा भिंतीला टाचतात, त्यावर रंगवतात, आणि झालं की मला बोलावतात. या कापडाची एक बाजू पांढऱ्या लेपाची, गुळगुळीत असते. दुसरी तशीच, पोत्यासारखी. रंग लेपावर लावतात. तर मध्यंतरी त्यांनी मला एक चित्र चढवायला दिलं, ते पोत्याच्या बाजूने रंगवलेलं. कापडाने सगळा रंग पिऊन टाकला होता. मला वाटलं, असेल काहीतरी नवीन पद्धत, इथे रोज एक निघते. मी म्हटलं, छान झालंय, पाणी मुरल्यासारखं वाटतंय. ते खूश झाले. नंतर दुसरं आलं, तेही तसंच. मी गंमत म्हणून छापेवाल्या बाईंना सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला, आणि तशाच वर गेल्या.

मला कोणी काही सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला आता सांगतो ते सगळं मला नंतर कळलेलं आहे. पाणीवाल्यांच्या डोळ्यांसमोर पडदा चढत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लवकर ऑपरेशन करा, नाहीतर आहे तेवढाही उजेड जाईल आणि परत येणार नाही. ते म्हणाले, विचार करून सांगतो, आणि घरी येऊन पाणी काढत बसले. विचार करण्यासारखं काही नव्हतं. पैसे नव्हते. आणि त्यांना कोणी काही द्यावं तर ते घेत नाहीत. भिंतवाल्यांनी एकदा दारात फळांची पिशवी ठेवली होती. पाणीवाल्यांना वाटलं ती चित्र काढायला ठेवली आहे. पिशवी परत आली, वर निरोप, मी फळं काढत नाही.

तेव्हा बाईंनी ठरवलं की प्रत्येकाने आपलं एक काम द्यायचं, तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत मांडायचं, लोकांना बोलवायचं, विकायचं, आणि आलेल्या पैशांतून डोळे. कोणासाठी ते बाहेर बोलायचं नाही. मला बोलावून म्हणाल्या, आपल्यातला एक जण अडचणीत आहे, नाव विचारू नकोस, सगळ्या खोल्यांत जा आणि जे देतील ते घेऊन ये. आता मामा, तुम्हीच सांगा. सगळ्या खोल्यांत म्हटल्यावर मी सगळ्या खोल्यांत जाणार की नाही?

आधी खालून सुरुवात केली. काय दिलं म्हणता? जे तुम्ही माझ्या मावशीच्या लग्नात दिलं होतंत ते. म्हणजे दुकानात पडून असलेलं. दगडवाल्यांनी एक घोडा दिला, त्याचा कान कोरताना उडाला होता. म्हणाले, एकाच बाजूने बघायचा. भिंतवाल्यांनी एक प्रचंड चित्र काढलं पलंगाखालून, त्यावर मांजर झोपायचं तिथे तशी खोलगट जागा झाली होती. बाईंनी स्वतः एक छाप दिला, त्यात शाई जरा सांडलेली. सगळे अगदी मनापासून देत होते हो. पण देताना धूळ झटकत होते. मी एकेक वस्तू जिन्यावरून खाली आणून भिंतीला टेकवली आणि मनात म्हटलं, मामा बरोबर बोलतात. ज्याच्यासाठी हे चाललंय त्याने हे बघितलं तर तो आणखी आजारी पडेल.

शेवटी वर गेलो. पाणीवाल्यांना सांगितलं, एक जण अडचणीत आहे, सगळे एकेक काम देतायत. ते म्हणाले, कोण? मी म्हटलं, नाव सांगायचं नाही असं आहे. (खरं तर मला माहीतच नव्हतं, पण माहीत आहे असं दाखवायला बरं वाटलं.) त्यांनी विचारलं, काम कसं करतो? मी म्हटलं, ते काही सांगितलं नाही. म्हणाले, चांगलं करत असणार, वाईट काम करणारा एवढा अडचणीत येत नाही. मग भिंतीला पाठ करून ठेवलेल्या चित्रांपाशी गेले आणि हाताने एकेक चाचपत शेवटून एक ओढून काढलं. म्हणाले, हे ने. अजून जरा राहिलंय, पण ते राहणारच.

मामा, मला चित्रातलं कळत नाही. मी रोज त्यांच्या पाठी बघतो, कारण खिळे पाठीला मारायचे असतात. पण हे मी सरळ करून बघितलं. एक परात होती, साधी, कडेला पोचा आलेली, आणि तिच्यात पाणी. बाकी काही नाही. पाणी नुकतं हललंय आणि आता थांबतच आलंय, त्या दोघांच्या मधलं. खिडकीचा उजेड त्यात पडून अजून थोडासा थरथरतोय. पोच्याचा पाण्याखालचा भाग वरच्या भागाहून किंचित मोठा दिसतोय, जसा खरोखर दिसतो. कितीतरी वर्षं ते त्या एका परातीवर काम करत होते म्हणे, दर वेळी तेवढंच पाणी ओतून, हलवून, थांबायची वाट बघून. मी ते चित्र उचललं आणि जिना उतरायला लागलो. पहिला मजला उतरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझे हात भरून आलेत, कारण मी ते काखेत न धरता दोन्ही हातांवर आडवं धरलंय आणि एकेक पाय चाचपत टाकतोय. सांडू नये म्हणून. मी, ज्याने तुमचं तूप दोनदा सांडलं.

खाली बाई घोड्याला फडकं मारत होत्या. मी म्हटलं, हे वरून. बाईंनी बघितलं आणि त्या खाली बसल्या, घोड्यावरच. तुला कोणी सांगितलं होतं तिकडे जायला? मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात, सगळ्या खोल्या. अरे, त्यांच्यासाठीच तर चाललंय हे. तेव्हा मला कळलं. मामा, असं वाटलं की कारखान्यातलं जुनं यंत्र सुरू व्हावं आणि मी त्यात जावं. म्हटलं, नेऊन ठेवतो परत. बाई म्हणाल्या, काय सांगशील? तोवर दगडवाले आणि भिंतवाले आले. तिघेही त्या परातीपुढे उभे राहिले. भिंतवाल्यांनी ते चित्र नीट टेकवायला म्हणून उचललं, आणि त्यांनीही ते आडवंच धरलं. बाईंनी चष्मा पुसला नाही. काढून खिशात ठेवला आणि डोळेच पुसले.

पुढे जे झालं ते मी कोणाला सांगितलं तर पटणार नाही, पण मी तिथे होतो आणि माझी कंबर साक्षीला आहे. जेवणाची वेळ झाली, सगळे गेले. मी माझ्या टेबलामागे भाकरी सोडून बसलो होतो. दगडवाले परत आले, हळूच, इकडे तिकडे बघत. घोडा उचलला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, कान चिकटवतो. मग वरून हाक मारली, जरा हात लाव. त्यांच्या खाटेखाली चादरीत गुंडाळलेले दोन पाय होते. दगडाचे, घोट्यापर्यंत. त्यांच्या वडिलांचे. वडील हमाली करायचे, टाचा फाटलेल्या, एक अंगठा वळलेला, आणि त्या अंगठ्यावर इतकी वर्षं कोणी हात फिरवत असल्यासारखा तो गुळगुळीत झालेला. ते कधी कोणाला दाखवलेले नव्हते. मी आणले खाली. (एक पाय माझ्या पायावर आला. दगडवाले म्हणाले, सांभाळ. मला वाटलं मला म्हणाले. पायाला म्हणाले होते.)

ते जिना चढतायत तोवर भिंतवाले आले, दगडवाल्यांना बघून उगाच शिट्टी वाजवली, आणि ते गेल्यावर आपलं मांजरवालं चित्र काढून नेलं. त्याच्या जागी काय आणलं? तळहाताएवढं एक चित्र. खिडकीत वाळत घातलेला एक मोजा. एवढंच. ते म्हणाले, माझं पहिलं आहे, याच्यानंतर मी घाबरलो आणि मोठी काढायला लागलो. दगडवाल्यांना सांगू नकोस. मी सांगितलं नाही. दगडवाल्यांनी ते संध्याकाळी स्वतःच बघितलं, नाक लावून बघितलं, आणि भिंतवाल्यांच्या खोलीत जाऊन चहा मागितला.

मग बाई. बाईंचा एक नेम आहे. नव्या पत्र्यावरून निघालेला पहिला छाप त्या कधी विकत नाहीत, स्वतःकडे ठेवतात. सगळ्या आयुष्यातल्या पहिल्या छापांचा एक गठ्ठा त्यांच्याकडे फडक्यात बांधलेला होता. तो गठ्ठा त्यांनी आणला, गाठ सोडली, आणि शाई सांडलेला तो आधीचा छाप भिंतीपासून चोरासारखा काढून पदराआड घेऊन गेल्या. बाकीच्या खोल्यांतूनही असंच. दिवसभर माझ्या जिन्यावर चोर आणि चोर. प्रत्येक जण दुसऱ्यापासून लपून, आपलं दिलेलं परत न्यायला आला होता आणि त्याहून चांगलं ठेवून जात होता. मला एक समजेना, माणूस चांगलं काम करताना एवढा ओशाळतो का. मी त्या दिवशी इतका जिना चढलो की तुमच्या गुडघ्याची मला मनापासून आठवण झाली. पण संध्याकाळी ती खोली बघितली आणि मामा, माझी टोपी हातात आली. (मी टोपी घालत नाही. असती तर आली असती.) देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं. मी दिवे बंद करायला गेलो आणि दिवे न बंद करता उभाच राहिलो.

पण परातीचं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. विकावं तर ज्याला द्यायला निघालो त्याचंच लुटल्यासारखं. न विकावं तर पाणीवाले रोज खाली येऊन बघणार, विकलं का म्हणून. शेवटी दगडवाल्यांनी ते दाराच्या मागे टांगलं, म्हणजे दार उघडं असलं की दिसणार नाही. विक्रीच्या दिवशी पाणीवाले सगळ्यात आधी आले. धुतलेला शर्ट घालून. भिंतीला नाक लावून एकेक चित्र बघत दारामागे पोहोचले, आणि त्यांचा तो आवाज आला. हे इथे कोणी लावलं? बिचाऱ्याचं भलं व्हायला नको का? मीच ते काढून मधोमध लावलं, त्यांच्या देखत.

लोक आले. दातांचे एक डॉक्टर आले, त्यांना दवाखान्याच्या पडद्याला जुळेल असं काहीतरी हिरवं हवं होतं. ते हिरवं शोधत परातीपाशी आले आणि थांबले. मला म्हणाले, एखादी खुर्ची मिळेल का? बसले. मग जाऊन बाईंना म्हणाले, हे मला हवं, किंमत तुम्ही सांगा. बाईंनी किंमत सांगितली नाही. पलीकडून पाणीवालेच गरजले, भरपूर सांगा, माणूस अडचणीत आहे. डॉक्टरांनी भरपूर दिले. इतकंच नव्हे, पाणीवाल्यांनी स्वतःच्या खिशातून चुरगळलेल्या नोटा काढून भिंतवाल्यांचा मोजा मागितला. म्हणाले, मीही काहीतरी घ्यायला हवं. बाईंनी नोटा घ्यायला नकार दिला तर त्यांना राग आला. घ्याव्या लागल्या.

दुपारपर्यंत सगळं विकलं गेलं. ऑपरेशनला पुरून उरेल एवढं जमलं. आता सांगायचं कोणी? दगडवाले म्हणाले बाईंनी. बाई म्हणाल्या भिंतवाल्यांनी. भिंतवाले म्हणाले ज्याने चित्र आणलं त्याने. सगळे माझ्याकडे वळले. मी गेलो. ते खिडकीपाशी मोजा डोळ्याला लावून बसले होते. मी म्हटलं, ते अडचणीतले जे आहेत ना, ते तुम्ही. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं आता आवाज येणार. आला. पण तो असा आला. आधी सांगायला काय झालं होतं? स्वतःसाठी आहे असं माहीत असतं तर ते कोपऱ्यातलं डबकं दिलं असतं. स्वतःसाठी एवढं चांगलं कोणी देतं का?

आणि मग ते उठले. वस्तू विकल्या होत्या पण अजून नेलेल्या नव्हत्या. एकेकीपाशी गेले. पायांपाशी वाकले, हात फिरवला, अंगठ्यावर बोट थांबलं. बाईंच्या गठ्ठ्यातले छाप एकेक करून डोळ्यांशी धरले. त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत होतं, मामा. कोणाच्या खाटेखाली काय पडलंय आणि कोणाच्या फडक्यात काय बांधलंय. शेवटपर्यंत गेले, वळले, आणि कोणाकडेही न बघता एवढंच म्हणाले, डॉक्टरकडे माझ्याबरोबर कोण येतंय? सगळे म्हणाले, मी. रांगच लागली. त्यातून त्यांनी मला निवडलं. (चहामुळे असेल.)

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा मी खोलीत होतो. त्यांनी काय मागावं? पेलाभर पाणी. पिण्यासाठी नव्हे. उजेडात धरून हलवलं आणि थांबेपर्यंत बघत बसले. थांबलं तरी बघतच होते. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, आत उभं राहवेना. घरी आल्यावर मात्र पोत्याच्या बाजूने रंगवलेली ती चित्रं त्यांना दिसली. म्हणाले, हे उलटं कोणी टाचलं? मी म्हटलं, मी. (टाचतात तेच, पण खरं सांगवेना.) खूप बोलले मला. बोलून झाल्यावर म्हणाले, पण मुरल्यासारखं बरं वाटतंय. आता ते माझ्याकडून मुद्दाम उलट्या बाजूचं कापड मागून घेतात. छापेवाल्या बाई ते बघतात आणि चष्मा पुसत नाहीत.

तर मामा, एका धंद्यातला माणूस दुसऱ्याला उभा करतो की नाही यावर मला काही म्हणायचं नाही. मी जे बघितलं ते लिहिलं. तब्येतीला जपा. जिन्याला नावं ठेवू नका.

तुमचा भाचा

ता.क. मामीसाठी औषध वेगळ्या पुडीत आहे. खोकल्याचं आहे, गुडघ्याला लावू नका.

ता.क. पुडीबरोबर एक कागद गुंडाळून पाठवलाय तो चुरगळू नका. विक्रीत मीही एक घेतलं. बाईंच्या गठ्ठ्यातला छाप आहे, त्यात कोणाचं तोंड नाही, नुसते दोन हात कापड ताणतायत. माझे आहेत. बाईंनी कधी काढले मला माहीतसुद्धा नाही. घरी आणून बघितले तेव्हा कळलं. डावा हात अंगठा खाली घालून कापड ओढतोय, ते तुम्ही शिकवलेलं. उजव्या हाताने हातोडी अर्ध्या दांड्यावर धरली आहे. तशी तुम्ही कधी धरली नाहीत. ती सोफावाल्यांनी शिकवली. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे माझेच हात आहेत.

ता.क. विषय काढणार नव्हतो तो आता काढतो. सोफावाल्यांच्या दुकानात नाट्यगृहाच्या खुर्च्या उघड्या पडल्यात. वेळेत गेल्या नाहीत तर ते काम जाईल, आणि मग खांदा बरा होऊन तरी ते काय करणार. दुकानाची किल्ली मामीकडे आहे. (तिला रागवू नका, मीच तिला त्यांच्या घरून मागून घ्यायला लावली.) दुपारी ते घरी पडून असतात, तेव्हा जा. कोण करतंय ते सांगू नका, ओळखायचं ते टाक्यावरून ओळखतील. आणि तुमच्या दुकानात उरलेली सुतळी नेऊ नका, गल्ल्याखाली ठेवलेला तो मेण लावलेला दोरा न्या, ज्याला तुम्ही मलाही हात लावू दिला नव्हतात. नव्या स्प्रिंगांचे पैसे मामीच्या खात्यात टाकतोय. पाच हजार ठरवले होते, त्यातले काही छापातल्या त्या दोन हातांत गेले. राहिले ते चार हजार तीनशे.